शांताराममामाने आणलेला डबा

संप होण्याआधी अण्णा दिवसाला पाच सिगारेटी ओढायचे, आणि त्या पाचही गिरणीने ठरवून दिल्यासारख्या होत्या. पहिल्या पाळीला जाताना एक, दुपारच्या सुट्टीत गेटबाहेर येऊन एक, पाळी सुटल्यावर समोरच्या पानवाल्याच्या फळीला टेकून एक, संध्याकाळी चहानंतर गॅलरीत एक आणि जेवल्यावर एक. साचेखात्यात, जिथे अण्णा कापडाच्या मागावर होते, विडीकाडी चालत नसे. सगळीकडे कापूस उडायचा, एक ठिणगी पडली तर खातं पेटायला वेळ लागला नसता. म्हणून आत जाताना पाकीट आणि काडेपेटी पानवाल्याकडे ठेवायची आणि बाहेर आल्यावर परत घ्यायची, अशी त्यांची वर्षानुवर्षांची रीत होती. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. अण्णा फार सिगारेटी ओढतात असं आम्हाला घरात कुणाला कधी वाटलं नाही. त्यांनाही वाटलं नसावं.

घोडपदेवच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमची खोली होती. खोलीत आम्ही तिघं, अण्णा, आई आणि मी, आणि दोन वेळा जेवायला येणारे पाच गडी. ते सगळे आमच्याच बाजूचे, कुडाळ-मालवणकडचे, गिरण्यांत कामाला, बायकामुलं गावाला. आई त्यांची खाणावळ चालवायची. त्यामुळे आमच्या खोलीत सकाळपासून आवाज असायचा. स्टोव्हला पंप मारल्याचा, पाट्यावर खोबरं वाटल्याचा, बांगड्याच्या तिकल्याला फोडणी पडल्याचा, ‘वयनी, भात घाला जरा’ असा. उकड्या तांदळाच्या भाताचा वास कपड्यांना, माझ्या वह्या-पुस्तकांना, सगळ्याला असायचा. मी तेव्हा कॉलेजात नुकतीच गेले होते आणि वर्गात कुणी जवळ बसलं की माझ्या वह्यांना माशांचा वास येतो की काय याची मला धास्ती वाटायची. ही धास्ती मी आज सांगते तेव्हा माझी सून हसते. तेव्हा ती खरी होती.

संप झाला तेव्हा पहिले काही आठवडे सुट्टी लागल्यासारखे गेले. गडी दिवसभर गॅलरीत पत्ते खेळायचे, मोर्चाला जाऊन यायचे, महिनाभरात सुटेल म्हणायचे. मग एकेक करून ते गावाला गेले. ‘येतो परत’ म्हणून वळकट्या आमच्या माळ्यावर ठेवून गेले. शेवटचा गडी गेला त्या दिवशी आईने मोठं पातेलं घासून उपडं घातलं आणि छोटं काढलं. त्यानंतर आमच्या खोलीत फार आवाज उरला नाही. गावाहून तांदळाचं एक पोतं यायचं, त्यावर आम्ही होतो. सकाळी पेज, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, कधी सुक्या बोंबलाची चटणी.

आणि अण्णांना आता कुणी आत-बाहेर करायला सांगणारं नव्हतं. भोंगा बंद होता. पाकीट पानवाल्याकडे ठेवण्याचं कारण नव्हतं, ते उशाशी आलं. सकाळी डोळे उघडल्यावर पहिली, दात घासून झाल्यावर दुसरी, मग गॅलरीत खुर्ची टाकून एकामागून एक. हळूहळू ते स्वस्तातल्या, बिनफिल्टरच्या सिगारेटींवर आले, पण संख्या वाढतच गेली. ते काही बोलत नसत. रागावतही नसत. गॅलरीच्या कठड्यावरून समोरच्या चाळीकडे बघत बसायचे. कुणी विचारलं, ‘काय वसंतराव, काय खबर?’ तर मान हलवायचे. ती होकाराची की नकाराची ते कळायचं नाही. आईने ‘बाजारात जाऊन येता?’ विचारलं तर तेवढीच मान हलायची आणि ते तिथंच बसून राहायचे. मी पण तशीच होत चालले होते. अभ्यासाला बसायचे, पान उलटायचे आणि उलटलेल्या पानावर काय होतं ते सांगता आलं नसतं.

त्या हिवाळ्यात अण्णांना खोकला जडला. कापसाची धूळ छातीत गेलेली, खोकला तर गिरणीतल्या सगळ्यांनाच असायचा. पण हा वेगळा होता. खोकताना ते भिंत धरायचे आणि खोकून झालं की चेहरा राखेसारखा व्हायचा. आईने त्यांना जवळजवळ ओढत चिंचपोकळीच्या डॉक्टरांकडे नेलं. मी बरोबर होते. डॉक्टर म्हातारे होते, त्यांचे सगळे पेशंट गिरणीतलेच. छातीचा फोटो उजेडात धरून त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “वसंतराव, अर्धं काम खात्याने केलंय. उरलेलं तुम्ही करताय. सिगारेट सोडा.” मग आई औषधाची बाटली घ्यायला बाहेर गेली तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, “तू शिकलेली दिसतेस. यांच्यावर लक्ष ठेव. संप मिटला तरी साचेखात्यात परत जाऊ देऊ नकोस.” आईने हे शेवटचं वाक्य ऐकलं नव्हतं. मी ते घरी सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते मला आजही नीट सांगता येत नाही. सांगून काय करायचं, असं वाटलं असेल.

अण्णांनी एका दमात सोडायचा प्रयत्न केला. तीन दिवस. पहिल्या दिवशी ते पुन्हा पुन्हा जिना उतरून वर येत राहिले, दुसऱ्या दिवशी ते झोपलेच नाहीत आणि तिसऱ्या दिवशी आईने पेज पुढे ठेवली तेव्हा त्यांनी ती ताटली उचलून भिंतीवर फेकली. अण्णांनी आमच्या घरात त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता. पेज भिंतीवरून ओघळत खाली आली. आई फडकं घेऊन पुसायला बसली. अण्णा शर्ट घालून खाली गेले आणि पाकीट घेऊन वर आले. आम्ही तिघं त्या दिवशी तसेच वावरलो, एकमेकांना वाट देत, जसं काही ते दुसऱ्याच कुणाच्या घरी झालं होतं.

शांताराममामा आला तो त्यानंतर काही दिवसांनी. मामा आईचा धाकटा भाऊ, मालवाहू बोटीवर इंजिन खात्यात कामाला. वरळीच्या बीडीडी चाळीत त्याचं बिऱ्हाड होतं. आठ-नऊ महिन्यांनी तो घरी यायचा, आणि आला की आधी आमच्याकडे. आई त्याला लहानपणी कडेवर घेऊन नदीवर जायची, हे तो प्रत्येक वेळी सांगायचा. तो बोलायचा फार आणि आणायचा फार. साबण, कापड, एकदा माझ्यासाठी शाईचं पेन. या वेळी त्याने खिशातून एक चपटा काळा पत्र्याचा डबा काढला आणि अण्णांच्या हातात ठेवला.

“भावजी, ह्या बघा. आमच्या कॅप्टनाची दिसाक चाळीस होती, सहावर इलो.”

सिगारेटी ठेवायचाच डबा होता तो, पाकिटापेक्षा थोडा मोठा. पण त्याच्या कडेला घड्याळासारखी एक तबकडी होती आणि तिच्यावर अर्ध्या तासापासून चार तासांपर्यंत आकडे. सिगारेटी आत ठेवायच्या, झाकण दाबायचं आणि काटा फिरवून वेळ लावायची. तेवढा वेळ होईपर्यंत झाकण उघडत नसे. वेळ झाली की आतली स्प्रिंग सुटायची, ‘टक’ असा आवाज व्हायचा आणि झाकण आपोआप वर यायचं. एक काढायची आणि परत बंद करायचं. दर आठवड्याला वेळ थोडी वाढवायची. सोबत एक घडी घातलेला कागद होता, त्यावर बारीक इंग्रजीत हे सगळं लिहिलेलं. मी तो वाचून दाखवला आणि तिथेच ते काम माझ्याकडे आलं. मामा म्हणाला, “सुमन लावतली काटो. चेडू शिकलेला हा.” आमच्याकडे मुलीला चेडू म्हणतात. आईने त्या दिवशी फार महिन्यांनी नारळ फोडला आणि सोलकढी केली. मामा ओरपत होता आणि आई त्याच्याकडे बघत बसली होती. आईचा तो चेहरा माझ्या लक्षात राहिला आहे, कारण त्या दोन वर्षांत तो एकदाच दिसला.

आता माझ्या जावयाच्या फोनमध्ये असलं काहीतरी आहे. किती ओढल्या, पुढची कधी, सगळं फोन सांगतो. औषधाच्या दुकानात च्युइंगगम मिळतं, दंडाला लावायची पट्टी मिळते. तो मला कौतुकाने दाखवत होता, तेव्हा मी ‘छान आहे’ म्हटलं. आमच्याकडे असा एक डबा होता, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायला लागले असते तर बाकीचं सगळंही सांगावं लागलं असतं.

तर आम्ही पाऊण तासापासून सुरुवात केली. मी काटा लावायचे, डबा अण्णांसमोरच्या स्टुलावर ठेवायचे. अण्णा त्याच्याकडे बघत बसायचे. आधी ते समोरच्या चाळीकडे बघायचे, आता डब्याकडे, एवढाच फरक. ‘टक’ झालं की एक काढायचे, शेवटपर्यंत ओढायचे, डबा माझ्याकडे द्यायचे. दुपारी मी कॉलेजला गेले की स्वतः लावायचे, आणि मला खात्री आहे की त्यांनी एकदाही फसवलं नाही. गिरणीत त्यांनी कधी कामचुकारपणा केला नव्हता, तसंच हे. पुढच्या आठवड्यात तास, मग सव्वा. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत आम्ही अडीच तासांवर आलो होतो. खोकला कमी झाला होता. त्यांचं बोलणं मात्र तेवढंच राहिलं. काही दिवशी ते दिवसभरात फक्त “वाजलं का गं?” एवढंच बोलायचे.

तोपर्यंत आई डॉकवर जायला लागली होती. कोळंबी सोलायच्या शेडमध्ये. चाळीतल्या चार-पाच बायका पहाटेच निघायच्या आणि दुपारी दोनच्या सुमारास यायच्या. बर्फातली कोळंबी सोलून तिच्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली असायची, नखांच्या कडेला चिरा. घरी आली की ती हात खोबरेल तेलाच्या वाटीत बुडवून बसायची. तेलाचा आणि कोळंबीचा मिळून एक वास आमच्या खोलीत कायमचा आला. वह्यांना वास येण्याची धास्ती मला आता वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं.

मग गिरणी थोडीथोडी सुरू होणार असं ऐकू यायला लागलं. संप मिटला असं कुणी म्हटलं नाही, तो कधी मिटलाच नाही. पण संपात राहणार नाही असं जे लिहून देतील, सही करतील, त्यांना कामावर घेत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने सही केली, तर सकाळी त्याच्या दाराला डांबर फासलेलं होतं. त्याच्या मुलीशी नळावर कुणी बोलत नसे. मीही बोलत नव्हते.

रघूकाका अण्णांच्या शेजारच्या साच्यावरचे, साताऱ्याकडचे, अण्णांचे एकमेव मित्र म्हणावेत असे. एका संध्याकाळी ते आले आणि गॅलरीत अण्णांशी हळू आवाजात बोलले. साचेखात्याच्या सह्या उद्या दुपारी बारापर्यंतच घेणार आहेत. त्यानंतर गेट बंद, नवे गडी भरणार. मी आत तांदूळ निवडत होते, मला सगळं ऐकू आलं. आईलाही आलं. रघूकाका गेल्यावर ती अण्णांसमोर जाऊन उभी राहिली.

“जावा उद्या,” ती म्हणाली. “डांबर लावतील तर लावू देत. मी पुसतंय.”

अण्णांनी मान हलवली. नेहमीसारखीच.

पहाटे डॉकवर जायला निघताना ती पुन्हा त्यांच्याजवळ आली. ते जागेच होते. तिने दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले. “ह्ये हात बघा,” म्हणाली. “आणि जावा.” मग पिशवी घेऊन निघून गेली.

नऊच्या सुमारास अण्णांनी सकाळची पहिली सिगारेट ओढली आणि डबा माझ्याकडे दिला. मी झाकण दाबलं आणि काटा फिरवला. अडीचावर थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. तो चारापर्यंत नेला, जिथे तबकडी संपते तिथपर्यंत, आणि डबा स्टुलावर ठेवला. मी असं का केलं? डॉक्टर म्हणाले होते म्हणून, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही. पण दाराला डांबर लागेल आणि नळावर माझ्याशीही कुणी बोलणार नाही, हेही माझ्या मनात होतं. दोन्हींतलं जास्त कुठलं, ते मला माहीत नाही. त्या क्षणी मला काहीही वाटलं नव्हतं. दिव्याचं बटण दाबावं तसा मी तो काटा फिरवला. अण्णा खुर्चीत बसलेले होते.

साडेनऊला रघूकाका आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. “चल की रं वसंता. बाराला बंद करत्यात.”

अण्णा डब्याकडे बघत म्हणाले, “डबा उघडू दे. एक ओढतो, मग सांगतो.”

“आरं, डबा कसला घेऊन बसलास? हितं नोकरी चालली.”

“उघडू दे.”

रघूकाका बसले. मी चहा दिला. चहा संपला. त्यांनी खिशातून स्वतःचं पाकीट काढलं, एक सिगारेट वर सरकवून अण्णांपुढे धरली. “घे, ही ओढ. आन् ऊठ.”

अण्णांनी त्या सिगारेटीकडे बराच वेळ बघितलं. मग अर्ध्यावर गेलेला हात मागे घेतला. “नको,” म्हणाले. “वेळ व्हायचीय अजून.”

दहा वाजले, साडेदहा वाजले. रघूकाका उठायचे, गॅलरीत जाऊन यायचे, बसायचे. एकदा त्यांनी डबा उचलून कानाला लावला आणि परत ठेवला. “कितीचा लावलाय गं पोरी?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “होईल आता.” अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. सव्वाअकराला रघूकाका अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “माझी चार तोंडं हायत वसंता. मी जातो.” जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली गेला. अण्णा हलले नाहीत. मी वरणासाठी डाळ धुतली. एक वाजता ‘टक’ झालं, झाकण वर आलं, आणि अण्णांनी एक सिगारेट काढून शेवटपर्यंत ओढली.

दोनला आई आली. दारातूनच तिला अण्णा खुर्चीत दिसले. ती चपला न काढता तशीच उभी राहिली.

“गेलात नाय?”

“डबो उघडलो नाय,” अण्णा म्हणाले.

आईने डब्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं तिने तेव्हा माझ्याकडे एकदा बघितलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. ती मोरीत गेली, हात धुतले आणि आम्हाला वाढलं. आम्ही तिघंही जेवलो. त्यानंतर तिने डबा वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी बांधली आणि माझ्या हातात दिला. “मामाकडे नेवन दे. म्हणावा, आमका नको तुझो उपकार.” मी बस पकडून वरळीला गेले. मामा बोटीवर होता. मामीने पुडकं घेतलं आणि विचारलं, “काय झालं गं? बिघडला का?” मी म्हटलं, “नाही. चांगला चालतो.”

खरंच चांगला चालला होता. डबा गेल्यावर अण्णा घरातल्या गजराच्या घड्याळावर चार तास लावायला लागले. मग सहा. गणपतीपर्यंत ते दिवसाला दोन सिगारेटींवर आले आणि नंतर एक दिवस पाकीट रिकामं झालं तेव्हा त्यांनी दुसरं आणलं नाही. पुन्हा त्यांनी सिगारेट ओढली नाही. डॉक्टर म्हणाले, कमाल आहे. वर्षभराने दादरच्या एका साड्यांच्या दुकानात ते घड्या घालायच्या कामाला लागले. बायका उलगडून टाकायच्या त्या साड्या पुन्हा घडी करून ठेवायच्या. दिवसभर न बोलता करायचं काम. त्यांना ते जमलं. आई डॉकवर जातच राहिली.

मामा सुट्टीवर आला तेव्हा त्याला काही कळेना. तो मिठाईचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. आई स्टोव्हसमोर बसली होती, ती वळली नाही.

“बाय, माझा काय चुकला?”

“तुझो डबो नसतो तर तो माणूस कामार गेलो असतो,” आई स्टोव्हकडे बघत म्हणाली. “माझ्या घरात तू येव नको.”

मामाने अण्णांकडे बघितलं. “भावजी?” अण्णा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मामाने माझ्याकडे बघितलं. मी लसूण सोलत होते. मी पुढची पाकळी घेतली. तो पुडा उंबऱ्यावर ठेवून गेला. त्यानंतर दोन भाऊबीजांना तो आला. दोन्ही वेळा आई सकाळपासून शेजारणीकडे जाऊन बसली. नंतर त्याने येणं सोडलं. काही वर्षांनी तो बोटीवरच गेला, छातीत कळ येऊन. त्याला आणल्यावर आई वरळीला गेली, पायांवर डोकं टेकवलं, आणि संध्याकाळच्या आत घरी येऊन तांदूळ धुवायला बसली. रडली नाही. मी माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षात होते तेव्हा.

आता राहिला तो मामा गेल्यानंतरचा एक सोमवार. दादरचं दुकान सोमवारी बंद असायचं, म्हणून मी मुलीला घेऊन सोमवारीच माहेरी यायचे. त्या दिवशी रघूकाका धाकट्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आले होते. संपाच्या वेळी ते सही करून गिरणीत गेले होते, पुढे काही वर्षं गिरणी चालली तोवर काम केलं. दाराला डांबर लागलं, ते त्यांनी पुसलं. सिगारेट त्यांनी सोडली नव्हती आणि तब्येत अण्णांपेक्षा बरी होती. “डब्यानं वाचवलं बग वसंता तुला,” ते हसून म्हणाले. “त्या खात्यात शेवटी शेवटी कुत्रंसुद्धा थांबलं नसतं.” अण्णाही थोडे हसले. रघूकाका गेले. आई मुलीला झोपवून बाहेर गॅलरीत गेली होती, मला वाटलं शेजारी गेली. अण्णा खुर्चीत होते. मी त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसून मेथी निवडत होते, आणि काही न ठरवता बोलून गेले.

“अण्णा, त्या दिवशी काटा मी चारावर लावला होता.”

अण्णांनी माझ्या हातातल्या मेथीकडे बघितलं. मग म्हणाले, “माहीत आहे मला. तू फिरवलास तेव्हा मी बघत होतो.”

मी वर बघितलं.

“रघूने सिगारेट पुढे केली होती, आठवतं?” ते म्हणाले. “ती घेतली असती तर उठायला लागलं असतं. मला नव्हतं जायचं. पण नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. तू काटा लावलास, बरं झालं. रघू जाईपर्यंत बसलो.”

इतकी वर्षं मी ते घेऊन फिरत होते. असं काही ऐकल्यावर मोकळं वाटायला हवं होतं. मला काही वाटलं नाही. मी मेथीची पुढची काडी घेतली. आणि तेव्हा मला दारात आई दिसली. तिच्या हातात वाळलेले कपडे होते. ती कधीपासून तिथे होती, ते मला माहीत नाही. पण तिने ऐकलं होतं, ते तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

तिने कपडे खाटेवर ठेवले. एकेक करून घडी घालायला लागली. माझ्या मुलीचा फ्रॉक, अण्णांची बंडी. बंडीची घडी घालून झाल्यावर तिने अण्णांना विचारलं,

“शांतारामाक म्हायत होता?”

“नाय,” अण्णा म्हणाले.

ती एवढंच बोलली. स्वयंपाक केला, मला वाटेत खायला घावणे बांधून दिले. आठवडाभराने तिचा शेजारच्या दुकानातून फोन आला, मला सोबत ये म्हणाली. आम्ही दोघी वरळीला गेलो. बीडीडीच्या त्या जिन्यावर ती किती वर्षांनी चढत होती. मामीने दार उघडलं आणि “वन्सं, तुम्ही?” म्हणून तिचा हात धरून आत नेलं. मामाचा फोटो भिंतीवर होता, हार घातलेला. मामीने चहा केला, बशीत चिवडा घातला. ती आईला सांगत होती, शेवटच्या सुट्टीतसुद्धा तुमचीच आठवण काढत होते, माझा डबा बायच्या मुळावर आला म्हणायचे, कुणाला काही आणायचं बंदच केलं त्यांनी. आई ऐकत होती. मी कप न पिताच खाली ठेवला. मला वाटत होतं, आता सांगेल, आता सांगेल. आईने चहा संपवला, चिवड्यातले दोन दाणे तोंडात टाकले, मामीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “येतंय गो सुनंदा.” आणि आम्ही उतरलो.

बसस्टॉपवर उभ्या असताना मी तिला म्हटलं, “आई, सांगितलं का नाहीस?”

ती येणाऱ्या बसचा नंबर वाचायचा प्रयत्न करत होती. तिला लांबचं दिसत नसे.

“काय सांगू तिका?” ती म्हणाली. “तुमची दोघांची नावां घेव?”

बस आमची नव्हती. ती गेल्यावर आई पुन्हा रस्त्याकडे बघत उभी राहिली. त्यानंतर ती आणखी अकरा वर्षं होती. दर महिन्याला एकदा मामीकडे जाऊन चहा पिऊन यायची. मला तिने पुन्हा कधी सोबत नेलं नाही.